मानसशास्त्रात पीएचडी झाली, आता परदेशी पोस्टडॉक करायचंय?

"मॅडम, पीएचडीचं नोटिफिकेशन हातात आलं. आता बाहेर पोस्टडॉक करायचंय. अर्ज कुठे करू?" असा फोन आला की माझा उलट प्रश्न ठरलेला असतो: तुला संशोधन करायचंय की पेशंट बघायचेत? बहुतेक वेळा उत्तर येतं, "दोन्ही." तिथे मी थांबवते. या एका उत्तरापायी दोन-दोन वर्षं वाया गेलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत. हुशार होती, कष्टाळू होती. पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं ठरावीक मुदतीचं काम किंवा प्रशिक्षण, या एकाच शब्दामागे दोन निराळ्या वाटा आहेत, हे त्यांना कोणी वेळेवर सांगितलं नव्हतं.

मी स्वतः जर्मनीत दोन वर्षं संशोधनाचं पोस्टडॉक केलं आणि परत आल्यावर गेली काही वर्षं इथल्या मुलामुलींना अर्जासाठी मदत करते. त्यातून जे हाती लागलं ते क्रमाने सांगते.

पहिली पायरी: कोणती वाट, ते आधी ठरवा

पहिली वाट संशोधनाची. एखाद्या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत एक ते तीन वर्षं काम करायचं, शोधनिबंध लिहायचे, नव्या पद्धती शिकायच्या. इथे तुमची पीएचडी भारतातली आहे की आणखी कुठली, याने दार बंद होत नाही. काम काय केलंय ते बघतात.

दुसरी वाट उपचारांची. अमेरिकेत पोस्टडॉक म्हटलं की मानसशास्त्रातल्या बऱ्याच लोकांच्या डोळ्यांसमोर हीच येते. पीएचडी किंवा सायडी (उपचारांवर भर असलेली मानसशास्त्रातली डॉक्टरेट) झाल्यावर परवानाधारक मानसशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली ठरावीक तास पेशंट बघायचे आणि मग त्या राज्याचा परवाना घ्यायचा. किती तास ते प्रत्येक राज्य स्वतः ठरवतं. अनेक राज्यांत हा आकडा पंधराशे ते दोन हजारांच्या घरात असतो, तर काही राज्यांनी पदवीनंतरच्या तासांची अट काढूनच टाकली आहे. त्यावर ईपीपीपी नावाची परीक्षा असते: २२५ प्रश्न, त्यातले १७५ गुणांसाठी धरतात, आणि वेळ सव्वाचार तास.

आता अडचण कुठे येते ते नीट समजून घ्या. परवाना देणारी मंडळं साधारणपणे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची, म्हणजे एपीएची मान्यता असलेली पीएचडी आणि त्यातच एक वर्षाची पूर्णवेळ इंटर्नशिप मागतात. भारतातल्या एकाही अभ्यासक्रमाला ही मान्यता नाही, कारण एपीए अमेरिकेबाहेरच्या अभ्यासक्रमांना ती देतच नाही. आपल्याकडची पीएचडी मुळात संशोधनाची पदवी आहे. पेशंटबरोबरचं देखरेखीखालचं काम आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एमफिलमध्ये व्हायचं, भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या नियमांनुसार. त्यामुळे नुसती पीएचडी असलेल्या माणसाच्या अर्जात तिकडच्या मंडळाला इंटर्नशिपचा रकाना रिकामा दिसतो.

एपीपीआयसी ही संस्था अमेरिका-कॅनडातल्या इंटर्नशिप आणि पोस्टडॉकच्या जागांची सूची ठेवते. ती उघडून बघा, पण प्रत्येक जागेच्या अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. त्या देशात मानसशास्त्रज्ञांच्या प्रशिक्षणाच्या सर्वांत जास्त जागा माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत आहेत आणि तिथे अमेरिकी नागरिकत्व ही अट आहे. एका मुलीने अशा सात ठिकाणी अर्ज भरले, प्रत्येकासाठी वेगळं पत्र लिहिलं, रात्री जागवल्या. नागरिकत्वाची ओळ पात्रतेच्या परिच्छेदात अगदी तळाला होती.

न्यूरोसायकॉलॉजीची, म्हणजे मेंदू आणि वर्तन यांचा संबंध बघणाऱ्या शाखेची स्वप्नं बघणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. १९९७ साली ह्यूस्टनला झालेल्या परिषदेत या शाखेच्या प्रशिक्षणाचा आराखडा ठरला आणि त्यात पीएचडीनंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ प्रशिक्षण धरलेलं आहे. आधीची क्लिनिकल पायाभरणी नसेल तर त्यात शिरता येत नाही.

मग उपचारांची वाट बंद समजायची का? नाही, पण ती पोस्टडॉकपासून सुरू होत नाही. अमेरिकेत काही विद्यापीठं रीस्पेशलायझेशन नावाचा कार्यक्रम चालवतात. मानसशास्त्राच्या दुसऱ्या शाखेत पीएचडी झालेल्यांना त्यात क्लिनिकलचे विषय आणि इंटर्नशिप पूर्ण करता येते. वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. ब्रिटनमध्ये 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' हे नाव कायद्याने राखीव आहे आणि ते लावायला एचसीपीसी या संस्थेकडे नोंदणी लागते. परदेशी प्रशिक्षण घेतलेल्यांना तिथे थेट अर्ज करता येतो, पण ते तुमच्या प्रशिक्षणाची त्यांच्या निकषांशी एकेक करून तुलना करतात. एमफिल क्लिनिकल, आरसीआय नोंदणी आणि नंतर काही वर्षांची रुग्णालयातली नोकरी अशी शिदोरी असेल तर हा अर्ज करण्यात अर्थ आहे. जर्मनीत सायकोथेरपिस्ट म्हणून काम करायचं तर सरकारी परवाना आणि पेशंटशी बोलता येईल इतकी पक्की जर्मन हवी. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडात नियम वेगळे असले तरी गाभा हाच: आधी तिथली नोंदणी, मग पेशंट.

माझं स्पष्ट मत सांगते. एमफिल नसेल तर परदेशी पोस्टडॉकचा विचार संशोधनासाठीच करा. यापुढचं सगळं त्याच वाटेबद्दल आहे.

दुसरी पायरी: आपल्या प्रबंधाकडे परक्याच्या नजरेने बघा

आपल्याकडे प्रबंध सादर झाला की त्याला कापडी बांधणी होते आणि तो कपाटात जातो. तिकडच्या प्राध्यापकाला मात्र त्यातून तुम्हाला काय करता येतं ते बघायचं असतं. म्हणून अर्जाच्या किमान वर्षभर आधी प्रबंध पुन्हा काढा आणि त्यात विकण्यासारखं काय आहे ते शोधा. 'विकण्यासारखं' हा शब्द मी जाणूनबुजून वापरतेय, कारण आपली माणसं स्वतःचं काम फार कमी लेखतात.

उदाहरण देते. आपल्यापैकी कित्येकांनी इंग्रजी प्रश्नावलीचं मराठी भाषांतर करून ती वापरलेली असते आणि प्रबंधात त्याला दीड पान दिलेलं असतं. १९७७ साली प्रसिद्ध झालेली सीईएस-डी ही नैराश्याची प्रश्नावली घ्या. तिच्या एका विधानात 'ब्लूज' असा शब्द आहे. घरच्यांनी, मित्रांनी मदत करूनही ते ब्लूज झटकता आले नाहीत, असा त्याचा आशय. मराठीत काय लिहाल? 'उदासी' लिहिलं तर शिकलेला माणूस समजतो. आमच्या कोल्हापूरकडे शेतात राबणारी बाई म्हणेल, "जिवाला कसंतरीच होतंय" किंवा "कशात मन लागंना." तिला 'उदासी' पुस्तकी वाटते आणि ती शून्यावर खूण करून मोकळी होते. मग तुमची आकडेवारी सांगते की खेड्यात नैराश्य कमी आहे. हा घोळ तुम्ही पाहिला असेल, त्यावर उपाय केला असेल, उलट भाषांतर (मराठीवरून पुन्हा इंग्रजीत) करून घेतलं असेल, दहा बायकांशी बसून एकेक विधान वाचून घेतलं असेल, तर ते दीड पान तुमच्या प्रबंधातलं सोनं आहे. २०१० साली हेन्रिक, हाइन आणि नोरेंझायन यांनी दाखवून दिलं की मानसशास्त्राचे बहुतेक निष्कर्ष पाश्चात्त्य, शिकलेल्या, श्रीमंत समाजांतल्या लोकांवर बेतलेले आहेत. तेव्हापासून दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या समाजात नेटकं मोजमाप करणाऱ्या माणसांची गरज आहे. ती गरज तुम्ही भागवू शकता, हे अर्जात लिहा.

दुसरी गोष्ट सांख्यिकीची. आपल्याकडे अजून एसपीएसएस या सॉफ्टवेअरवर सगळं चालतं. तिकडे बहुतेक प्रयोगशाळा आर नावाची संगणकभाषा वापरतात. आर फुकट आहे, तुमच्या आत्ताच्या लॅपटॉपवर चालतं. स्वतःच्याच प्रबंधातली कच्ची माहिती घ्या, जे विश्लेषण एसपीएसएसमध्ये केलं होतं तेच आरमध्ये पुन्हा करा आणि उत्तरं जुळतात का बघा. रोज तासभर दिलात तर तीन-चार महिन्यांत हात बसतो. मुलाखतीत "शिकेन" म्हणण्यापेक्षा "हा माझा कोड" म्हणून फाइल पुढे करता आली तर बोलणंच वेगळ्या पातळीवर जातं.

तिसरी गोष्ट खुल्या विज्ञानाची. २०१५ साली शंभर प्रयोग पुन्हा करून बघण्याचा एक मोठा प्रकल्प प्रसिद्ध झाला. मूळ शोधनिबंधांपैकी जवळजवळ सगळ्यांत लक्षणीय निष्कर्ष होते. पुन्हा केल्यावर ते जेमतेम ३६ टक्के प्रयोगांत मिळाले. त्या धक्क्याने आमच्या विषयाची काम करण्याची रीतच बदलली. आता गृहीतकं आणि विश्लेषणाचा आराखडा आधीच नोंदवून ठेवायचा, माहिती आणि कोड इतरांना बघायला ठेवायचा, अशी अपेक्षा असते. ओएसएफ या संकेतस्थळावर खातं उघडा आणि पुढचा छोटा अभ्यास तिथे आधी नोंदवून करा.

शोधनिबंधांच्या संख्येमागे धावू नका. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या मासिकांतले बारा निबंध यादीत दिसले की निवड समिती पुढचं पानही उलटत नाही. दोनच असू देत, पण पिअर रिव्ह्यू, म्हणजे त्याच विषयातल्या तज्ज्ञांकडून परीक्षण झालेले असू देत. एखादा अजून परीक्षणात अडकला असेल तर तो सायआर्काइव्ह या मानसशास्त्राच्या निबंधांच्या खुल्या संकेतस्थळावर टाका, म्हणजे समितीला वाचता तरी येतो.

तिसरी पायरी: जागा की फेलोशिप?

पोस्टडॉकला पैसा दोन ठिकाणांहून येतो. प्राध्यापकाला मिळालेल्या अनुदानातून जाहिरात निघते आणि तुम्ही नोकरीसारखा अर्ज करता. किंवा तुम्ही स्वतः फेलोशिप मिळवता आणि प्राध्यापक तुम्हाला जागा देतो. जाहिराती युरोपसाठी युराक्सेसवर आणि ब्रिटनसाठी जॉब्स डॉट एसी डॉट यूकेवर रोज येतात. फेलोशिपचं गणित थोडं खोलात सांगायला हवं, कारण तिथे तारखा चुकल्या की वर्ष जातं.

जर्मनीची हुम्बोल्ट फेलोशिप मला भारतीयांसाठी सर्वांत सरळ वाटते. तिला अंतिम तारीख नाही, वर्षभरात कधीही अर्ज करा. निवड समिती वर्षातून तीनदा बसते. देशनिहाय किंवा विषयनिहाय कोटा नाही. पोस्टडॉक गटासाठी पीएचडी होऊन चार वर्षांपेक्षा जास्त काळ झालेला नसावा. कालावधी सहा महिने ते दोन वर्षं. अट एकच महत्त्वाची: जर्मनीतल्या यजमान प्राध्यापकाचं संमतीपत्र आधी हवं.

युरोपियन युनियनची मारी क्युरी फेलोशिप कुठल्याही देशाच्या नागरिकाला खुली आहे. अर्जाची मुदत बहुधा सप्टेंबरात संपते. पीएचडीनंतरचा संशोधनाचा अनुभव आठ वर्षांपेक्षा जास्त नसावा. एक अट अनेकांच्या लक्षात येत नाही: ज्या देशात जायचंय तिथे अर्जाच्या तारखेआधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावे. म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे दीड वर्ष नेदरलँड्समध्ये राहत असाल तर नेदरलँड्ससाठी अर्ज करता येत नाही, पण बेल्जियमसाठी येतो. स्पर्धा फार मोठी आहे. पहिल्या फेरीत नाही झालं तर खचू नका, परीक्षकांचे शेरे मिळतात आणि ते वाचण्यासारखे असतात.

अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू पोस्टडॉक्टरल फेलोशिप आहे. ती यूएसआयईएफ ही संस्था चालवते. तिथेही पीएचडी अलीकडच्या चार वर्षांतली हवी आणि मुदत पावसाळ्यात, जुलैच्या आसपास असते. हिचा एक परिणाम पुढे व्हिसाच्या पायरीत सांगते.

या सगळ्यात चार वर्षांचा काटा कसा फिरतोय ते पाहा. पीएचडी झाल्यावर "आधी नेट-सेट, मग नोकरी, मग लग्न, मग बघू" असं म्हणत बसलात तर पाचव्या वर्षी यातली दोन दारं बंद झालेली असतात. विशेषतः मुलींना सांगते: घरच्यांशी या तारखा घेऊन बोला, नुसती इच्छा घेऊन नको. तारीख दिसली की घरचेही नीट ऐकतात, असा माझा अनुभव आहे. बाळंतपणाच्या किंवा मुलं सांभाळण्याच्या रजेचा काळ बऱ्याच फेलोशिपमध्ये या मुदतीतून वगळतात, तेवढं नियमात तपासा.

चौथी पायरी: प्राध्यापकाला पहिला ईमेल

सगळ्यात जास्त अर्ज इथेच मरतात. 'रिस्पेक्टेड सर/मॅडम'ने सुरुवात, मग दहावीपासूनची टक्केवारी, मग "तुमच्या हाताखाली काम करण्याची संधी द्यावी ही नम्र विनंती." आपल्याकडे याला आदर म्हणतात. तिकडे हा ईमेल शंभर जणांना एकदम पाठवलाय असं वाटतं.

चांगल्या ईमेलला चार परिच्छेदही लागत नाहीत. पहिल्या वाक्यात तुम्ही कोण आणि पीएचडी कशात. दुसऱ्यात त्यांच्या एका नेमक्या शोधनिबंधातली नेमकी गोष्ट, जी वाचताना तुम्हाला प्रश्न पडला. मग तो प्रश्न आणि तुमच्या कामाशी त्याचा सांधा. शेवटी सरळ विचारणा: "अमुक फेलोशिपसाठी मी अमुक महिन्यात अर्ज करणार आहे, तुम्ही यजमान व्हाल का?" सोबत दोन पानी सीव्ही आणि एक पानी आराखडा. नावाआधी 'प्रोफेसर' किंवा 'डॉक्टर' आणि आडनाव. त्यांनी उत्तरात नुसतं पहिलं नाव लिहून सही केली तर पुढच्या ईमेलमध्ये तुम्हीही पहिल्या नावाने लिहा. आपल्याला अवघड वाटतं, पण तिकडे तो उद्धटपणा समजत नाहीत.

माझ्या पहिल्या नऊ ईमेलना उत्तर आलं नाही. दहाव्याला तीन ओळींचं आलं: "आराखड्यातली दुसरी कल्पना चांगली आहे, पहिली आम्ही आधीच करून पाहिली. बोलूया का?" दोन आठवडे थांबून एकदा आठवण करा, त्यानंतर पुढच्या नावाकडे वळा. यादीत पंधरा-वीस नावं असू देत, पण प्रत्येकाला स्वतंत्र ईमेल.

शिफारसपत्रांबद्दलही इथेच सांगते. आपल्याकडे गाइड म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." त्यांचा वेळ वाचतो, पण तिन्ही पत्रं एकाच हातची दिसतात. त्याऐवजी गाइडना एक पान टिपण द्या: मी कोणत्या अडचणी सोडवल्या, कोणतं विश्लेषण एकटीने केलं, प्रयोगशाळेत कोणाला शिकवलं. आणि विनंती करा की पत्र त्यांच्या शब्दांत असू दे आणि विद्यापीठाच्या अधिकृत ईमेलवरून जाऊ दे.

पाचवी पायरी: मुलाखत

मुलाखत व्हिडिओवर होते. अर्ध्या-पाऊण तासाचं सादरीकरण आणि मग प्रश्न. वेळ दोनदा तपासा. न्यूयॉर्कला दुपारचे दोन म्हणजे त्यांच्या उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा, आणि हिवाळ्यात साडेबारा. मार्च आणि नोव्हेंबरात त्यांची घड्याळं सरकतात तेव्हा घोळ होतो. लाइट जाण्याची शक्यता असेल तर फोनचं हॉटस्पॉट तयार ठेवा.

"माहीत नाही" म्हणायला घाबरू नका. "हे मी तपासलेलं नाही, पण तपासायचं झालं तर असं करेन" हे उत्तर त्यांना आवडतं. आपल्या व्हायवात गप्प बसण्याची सवय लागलेली असते, ती मोडायची तर आधी दोन मित्रांना समोर बसवून सराव करा. आणि तुम्हीही विचारा: प्राध्यापक आठवड्यातून किती वेळा भेटतात, आधीचे पोस्टडॉक आता कुठे आहेत, लेखकांच्या यादीत क्रम कसा ठरतो. जुन्या पोस्टडॉकला वेगळा ईमेल करून मोकळेपणाने विचारा. माणूस कसा आहे हे कळणं पगाराइतकंच महत्त्वाचं आहे, कारण परक्या गावात दोन वर्षं त्याच माणसाच्या भरवशावर काढायची असतात.

सहावी पायरी: कागद, आणि कागदावरचं नाव

महाराष्ट्रातल्या मुलींच्या बाबतीत हे सर्वांत किचकट प्रकरण आहे. माझ्या एका मैत्रिणीची कागदपत्रं टेबलावर मांडली तेव्हा चार कागदांवर चार नावं होती. दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. पदवीवर त्यात आईचं नाव वाढलेलं. पीएचडीच्या प्रमाणपत्रावर लग्नानंतरचं नाव. पासपोर्टवर माहेरचंच. शोधनिबंध आणखी निराळ्या आद्याक्षरांनी छापलेले. आपल्याला कळतं की ही एकच बाई. तिकडच्या कचेरीतल्या माणसाला कसं कळणार?

पासपोर्टवरचं नाव प्रमाण माना आणि ऑफर लेटर, विमा, तिकीट, बँक सगळं त्याच अक्षरांत घ्या. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र सोबत ठेवा. नाव कायमचं बदलायचं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नोंद करून घ्या, तिला वेळ लागतो. शोधनिबंधांसाठी ऑर्किड क्रमांक काढा, म्हणजे कोणत्याही नावाने छापलेलं काम एका खात्याखाली येतं.

बाकीचं पटकन सांगते. नोटिफिकेशनवर अर्ज चालतो, पण पदवीदान समारंभातलं मूळ प्रमाणपत्र लवकर मिळवा. ट्रान्सक्रिप्टसाठी विद्यापीठात आधीच अर्ज टाका, परीक्षांच्या हंगामात रांग लागते. काही देश प्रमाणपत्रांवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा खरेपणाचा सरकारी शिक्का मागतात. ते परराष्ट्र मंत्रालय देतं, त्याआधी पदवीचं साक्षांकन राज्य पातळीवर व्हावं लागतं. तुमच्या यजमान विद्यापीठाने मागितलं नसेल तर उगीच करून ठेवू नका. पदवीचं मूल्यांकन करून देणाऱ्या संस्थांचंही तेच. अमेरिकेच्या जे-१ व्हिसावरच्या संशोधकाला सहसा त्याची गरज पडत नाही.

सातवी पायरी: व्हिसा

अमेरिकेत संशोधनाचं पोस्टडॉक बहुतेकदा जे-१ व्हिसाच्या रिसर्च स्कॉलर गटात होतं. कमाल मुदत पाच वर्षं. विद्यापीठ डीएस-२०१९ हा कागद पाठवतं, त्यावर तुम्ही डीएस-१६० अर्ज भरता, सेव्हिस या परदेशी विद्यार्थी-संशोधकांच्या सरकारी नोंद यंत्रणेचे २२० डॉलर भरता आणि मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात मुलाखत होते. २०२५ च्या जूनपासून अर्जदारांना समाजमाध्यमांची खाती सर्वांना दिसतील अशी ठेवावी लागतात. या व्हिसावर पेशंटना उपचार देता येत नाहीत. संशोधनाचा भाग म्हणून मुलाखती घेणं, चाचण्या देणं चालतं. नेमकं काय चालतं ते विद्यापीठाच्या परदेशी विद्वानांच्या कार्यालयाकडून लेखी घ्या.

'दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट' ऐकून अनेक जण घाबरलेले असतात. ती दोन मुख्य कारणांनी लागायची: सरकारी पैसा, किंवा तुमचं कौशल्य तुमच्या देशासाठीच्या यादीत असणं. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने ती यादी बदलली आणि भारताचं नाव त्यातून गेलं. त्यामुळे विद्यापीठाच्या साध्या अनुदानावर जाणाऱ्याला यादीच्या कारणाने आता ही अट लागत नाही. फुलब्राइटवर मात्र लागते, कारण तो सरकारी पैसा आहे. नंतर तिथेच नोकरी करायची मनात असेल तर हा विचार फेलोशिप स्वीकारण्याआधी करा. तसंच, रिसर्च स्कॉलरचा कार्यक्रम एकदा संपवून परत आलात की पुढचे २४ महिने त्याच गटात पुन्हा जाता येत नाही. सहा महिन्यांसाठी घाईने जाऊन संधी संपवू नका.

जोडीदार जे-२ या कुटुंबीयांच्या व्हिसावर येतो आणि परवानगी काढून नोकरी करू शकतो. घरातल्या दोघांच्या निर्णयात याला मोठं महत्त्व आहे.

ब्रिटनसाठी सहा महिन्यांपेक्षा जास्त मुक्काम असेल तर भारतातून जाणाऱ्यांना मान्यताप्राप्त केंद्रात क्षयरोगाची तपासणी करावी लागते आणि दर वर्षामागे १०३५ पौंडांचा आरोग्य अधिभार बहुधा आगाऊ भरावा लागतो. नेमणुकीच्या पत्रात विद्यापीठ तो परत देणार का ते विचारा. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते. ती झाल्याशिवाय कर क्रमांक वगैरे पुढचं काही हलत नाही, म्हणून पहिलं घर असं घ्या जिथे घरमालक नोंदणीचा कागद देतो.

आठवी पायरी: पैसा

अमेरिकेत अनेक विद्यापीठं राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा, म्हणजे एनआयएचचा तक्ता किमान पगार म्हणून धरतात. २०२४ साली नव्या पोस्टडॉकसाठी तो वर्षाला ६१,००८ डॉलर होता. आकडा रुपयांत करून खूश होऊ नका. बोस्टन किंवा सॅन फ्रान्सिस्कोत एका खोलीच्या घरालाच त्यातला मोठा वाटा जातो, मिडवेस्टमधल्या विद्यापीठी गावात तोच पगार नीट पुरतो. भारत-अमेरिका करारातल्या २२ व्या कलमाने संशोधकांना दोन वर्षांपर्यंत आयकरात सवलत मिळते. मुक्काम त्यापेक्षा लांबणार असेल तर पहिल्याच वर्षी जाणकाराला विचारा. जे-१ वर आरोग्य विमा सक्तीचा आहे, आणि एका आजारामागे किमान एक लाख डॉलरचं संरक्षण हवं.

जर्मनीत नोकरीवर असाल तर पगार टीव्ही-एल या तिथल्या राज्यांच्या सरकारी वेतनकरारातल्या ई-१३ श्रेणीत बसतो आणि अनुभवानुसार पायरी ठरते. पीएचडीनंतर भारतात संशोधनाची नोकरी केली असेल तर तिची प्रमाणपत्रं रुजू होण्याआधीच द्या. मी ती दोन महिने उशिरा दिली आणि पायरी बदलून घ्यायला मला सहा महिने लागले. करार सही करण्याआधी तेवढं एक वाक्य विचारलं असतं तर पुरे होतं.

कुठेही जा, पहिला पगार हातात यायला महिना-दीड महिना लागतो. घराचं डिपॉझिट, बिछाना, थंडीचे कपडे हे सगळं त्याआधी येतं. किमान दोन महिन्यांचा खर्च सोबत घेऊन जा.

नववी पायरी: निघण्याआधी इथली निरवानिरव

महाविद्यालयात नोकरी असेल तर राजीनामा देण्याची घाई करू नका. अध्ययन रजा मिळते का, पदावरचा हक्क राखून जाता येतं का, हे संस्थेकडून आणि विद्यापीठाकडून लेखी घ्या. रजा मिळाली तर परत आल्यावर ठरावीक वर्षं सेवा देण्याचं बंधपत्र द्यावं लागतं, ते नीट वाचा. प्राचार्य तोंडी "जा गं, आम्ही बघतो" म्हणाले तरी कागद हातात घ्या. दोन वर्षांनी त्या खुर्चीत दुसरं कोणी बसलेलं असतं.

प्रबंधाच्या माहितीचंही बघा. सहभागी लोकांनी सही केलेल्या संमतीपत्रात माहिती दुसऱ्या संशोधकांना देण्याची परवानगी होती का? नसेल तर ती परदेशी प्रयोगशाळेच्या सर्व्हरवर टाकता येत नाही, नावं काढली तरी आधी नीतिमत्ता समितीला विचारावं लागतं. भाषांतर केलेल्या प्रश्नावल्यांसाठी मूळ लेखकांची परवानगी ईमेलमध्ये असेल तर तो ईमेल जपून ठेवा. आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयातून 'ना देय' प्रमाणपत्र घेऊनच निघा. पदवीचं मूळ प्रमाणपत्र मागून मागवायची वेळ आली की खिडकीवर पहिला कागद तोच मागतात, आणि तुमच्या नावावरचं एक राहून गेलेलं पुस्तक शोधायला आईबाबांना हेलपाटे घालावे लागतात.